साडेसहाची भूक

नांदणवाडीच्या सूतगिरणीत दुपारी एक वाजता भोजनालयात चिटपाखरू नसायचं. बाकं पुसून ठेवलेली, पेले पालथे, भटारखान्यातल्या शेगड्या गार. नवख्या माणसाला वाटावं, आज संप आहे की काय. संप नव्हता. आठशे बारा माणसं आपापल्या यंत्रापाशी उभी होती आणि त्यांतल्या एकालाही भूक लागलेली नव्हती. सकाळी घेतलेलं पेलाभर सातूचं पेय, दोनशे उष्मांकांचं, तेवढ्यावर दिवस निघायचा. उरलेले दोन हजार उष्मांक संध्याकाळच्या ताटासाठी राखून ठेवलेले असत.

संध्याकाळी साडेसहाला भोंगा व्हायचा आणि आठशे बारा पोटांत एकदम कावळे ओरडायला लागायचे. धडधाकट गडी ताटावर बसताना थरथरायचे. पहिला घास तोंडात गेला की कित्येकांचे डोळे भरून यायचे. आमटी तीच, भात तोच, पण जन्मात असं जेवलो नाही, असं लोक रोज म्हणायचे आणि रोज खरंच म्हणायचे.

ही किमया गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या चिंचोक्याएवढ्या यंत्राची होती. कागदोपत्री त्याचं नाव क्षुधारोधक, गिरणीत त्याला कुलूप म्हणत. पोट रिकामं झालं की जठर रक्तात एक रस सोडतं आणि तो रस मेंदूला सांगतो की आता खा. कुलूप हा निरोप वाटेतच अडवायचं आणि जठरालाही सुस्त करून ठेवायचं. नेमलेली वेळ झाली की ते उघडायचं आणि दिवसभर साचलेली भूक धावत सुटायची. मुळात हे काढलं होतं मधुमेहाच्या रोग्यांसाठी. पण यात जेवणाची सुट्टी वाचते आणि दुपारची पेंगही जाते, हे गिरणीवाल्यांच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? आधी पोटोबा मग विठोबा म्हणणाऱ्या मुलखात आधी सूत आणि मग पोटोबा सुरू झालं. कुलूप लावून घेईल त्याची नोकरी कायम, असं म्हटल्यावर माणसं रांगेत उभी राहिली.

या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या चेलना खोत हिच्या हातात होत्या. ती गिरणीची कुलूपदार. भटारखान्याला लागून तिची खोली, टेबलावर पाटीएवढं नियंत्रक यंत्र, आणि त्यात प्रत्येक कुलपाचा क्रमांक. कोणाचं किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं, ते तिथून ठरे. कुलूपदारानं स्वतः कुलूप लावायचं नाही असा नियम होता. त्यामुळे सगळ्या गिरणीत दुपारचा डबा खाणारी ती एकटीच. दार लावून खायची. आणि संध्याकाळी दिवस बुडायच्या आत दुसरा डबा संपवायची, कारण ती जैनाघरची, रात्रीचं अन्न तिला वर्ज्य होतं.

गेल्या तीन वर्षांत चेलनेनं एकदाही काम चुकवलं नव्हतं. व्यवस्थापक म्हणायचे, खोतबाईंसारखं इमानी माणूस मिळायचं नाही. मिळणार कुठून? इमान वगैरे काही नव्हतंच तिथे. ती इथे एका माणसाची वाट बघत बसली होती, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तशी. आणि कार्तिकातल्या एका सोमवारी तो माणूस स्वतःच्या पायांनी आला.

डॉ. मृणाल सबनीस. कुलपाची जननी. वय बासष्ट, पांढरे शुभ्र आखूड केस, पाठ ताठ. गिरणीत कुलूप आल्याला पाच वर्षं झाली म्हणून सोहळा होता आणि त्याआधी आठ दिवस बाई इथे राहून पाहणी करणार होत्या. त्यांच्या गळ्याखालीही कुलूप होतंच. सहा वर्षांत त्यांनी संध्याकाळच्या ताटाबाहेर घास घेतला नव्हता आणि त्याचा पुरावा म्हणून त्यांच्या कुलपाची नोंद देशभरातल्या गिरण्यांच्या फाटकांवर मोठ्या पडद्यावर अहोरात्र दिसायची. हिरवा रंग म्हणजे बंद, पिवळा म्हणजे उघडं. साडेसहा ते साडेआठ पिवळा, बाकी सगळा हिरवा. लोक येताजाता तो पडदा बघायचे आणि म्हणायचे, बाईला जमतंय, मग आपल्याला न जमायला काय झालं?

जिथे ताट तिथे किल्ली, म्हणजे जिथे जेवायचं तिथल्याच कुलूपदाराकडे आपली किल्ली, हा नियम डॉक्टरांनीच केलेला. म्हणून आल्या आल्या त्या चेलनेच्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आपलं कुलूप गिरणीच्या यंत्रात नोंदवून घ्या म्हणाल्या.

"वेळ नेहमीचीच ठेवा. साडेसहा."

"होय मॅडम," चेलना म्हणाली. तिनं क्रमांक यंत्रात टिपून घेतला.

डॉक्टर गेल्यावर तिनं दार लावलं. कुलूप उघडायची वेळ सकाळी अकरा केली आणि बंद व्हायची दुपारी एक. फाटकावरच्या पडद्याला मात्र जुनीच नोंद जोडून दिली. त्या दुपारी डबा उघडून तिनं सावकाश, चवीनं भाकरी खाल्ली.

सन्मती मगदूम हा चेलनेचा पाठचा भाऊ. सात वर्षांनी धाकटा, आईमागे तिनंच वाढवलेला. कुलूप आलं त्या पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो इथे कामाला लागला. उन्हाळ्यात काही अडलं नाही. साडेसहाचा भोंगा झाला तरी सूर्य वर असायचा, तेवढ्यात तो भराभर जेवून घ्यायचा. पण भाद्रपद सरला, दिवस आखडले, आणि भोंगा होईपर्यंत सूर्य बुडायला लागला. कुलूप साडेसहालाच उघडायचं. दिवस बुडण्याआधी तो जेवायला बसे तेव्हा पोट बंद असायचं, चार घासांत उलटी यायची. आणि दिवस बुडाला की भूक अशी फाडून खायला उठायची की तो भिंतीला पाठ लावून डोळे मिटून जप करत बसायचा. व्रत मोडायचं त्याच्या मनातही आलं नाही. वेळ तासभर अलीकडे आणा, असा त्यानं दोनदा अर्ज केला. एका माणसासाठी वेळ बदलली तर सगळी पाहणी बिघडते, असं उत्तर आलं, खाली डॉ. सबनीस यांची सही.

गिरणीनं केलं ते केलं. पण घरच्यांनी काय केलं? दशलक्षण पर्वातले उपास सगळेच करतात. पर्व संपलं तरी सन्मती जेवेना, हे गल्लीत पसरलं आणि लोक म्हणायला लागले, मगदुमांच्या पोराला तपश्चर्या साधली. बायका घरी येऊन त्याच्या पाया पडायला लागल्या. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवासमोर पंचांनी त्याच्या अंगावर शाल घातली. एकदा तो चेलनेला म्हणाला होता, "अक्का, मला दिवसा भूकच लागंना झालीय. लागती तवा दिवस बुडाल्याला असतो." आणि चेलना म्हणाली होती, "पुण्य आहे रे तुझं. असं कुणाला जमत नाही." शाल घातली त्या दिवशी तिनं पन्नास माणसांना खीर केली होती. स्वतः सन्मतीला ती घोटभरही गेली नाही, आणि त्याचंही लोकांनी कौतुकच केलं.

मार्गशीर्षात एका सकाळी तो यंत्रापाशी खाली बसला तो उठलाच नाही. हृदय थांबलं. वजन एकेचाळीस किलो भरलं. चौकशी झाली, त्या चौकशीत डॉ. सबनीस शांतपणे म्हणाल्या, "भूक म्हणजे शरीरानं पाठवलेली एक सूचना. सूचना उशिरा वाचली म्हणून कोणी मरत नाही. इथे माणसानं वैयक्तिक कारणासाठी अन्न नाकारलेलं आहे." शेवटच्या रांगेत बसलेल्या चेलनेनं ते वाक्य ऐकलं आणि पदरात गाठ मारल्यासारखं ठेवून दिलं. ती तेव्हा आयटीआयमध्ये उपकरणांची दुरुस्ती शिकवायची. कुलूपदाराचं शिक्षण तिनं दीड वर्षात घेतलं. आडनाव सासरचं, त्यामुळे मगदुमांची मुलगी म्हणून तिला कोणी ओळखलं नाही.

डॉक्टर आल्या त्याच दिवशी, अकरा वाजता, त्या सभागृहात पर्यवेक्षकांना काही समजावत होत्या. चेलना मागे उभी होती. अकरा वाजून दोन मिनिटांनी डॉक्टर वाक्याच्या मधेच थांबल्या. टेबलाची कड धरली, पाणी प्यायल्या, आणि पुढचं वाक्य बोलल्या. संध्याकाळी ताटावर बसल्या तेव्हा पोट बंद. आजूबाजूला आठशे माणसं हपापून जेवताहेत, सगळ्यांच्या नजरा बाईंकडे, आणि बाई एकेक घास कागद चावल्यासारखा चावताहेत. पाचव्या घासाला त्यांनी रुमाल तोंडाला लावला. चेलनेनं ते पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की घरी जाताना ती गुणगुणत होती.

बाई कुठेही, कधीही खाऊ शकत होत्या, त्यांना व्रत नव्हतं. पण चेलनेचा हिशेब वेगळा होता. व्रत फक्त देवाचंच असतं असं थोडंच आहे? आपलं कुलूप कधी चुकत नाही, हे बाईंनी सहा वर्षं सगळ्या देशाला पडद्यावर दाखवलं होतं. आता ज्या घडीला त्या दुपारी घास घेतील त्या घडीला तो पडदा खोटा ठरणार. नाव जाण्यापेक्षा जीव गेलेला बरा म्हणणारी माणसं चेलनेनं बस्तीत पुष्कळ पाहिली होती. ही त्यातलीच आहे, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिला आणखी सुचलं. तिनं आचाऱ्याला सांगितलं, सोहळ्याचा शिरा कसा होतोय ते करून बघा, सकाळी अकराला घ्या करायला. साजूक तुपात रवा भाजल्याचा वास सभागृहाच्या दारातून आत गेला. तिथे बसलेल्या वीस माणसांपैकी कोणी मानसुद्धा वळवली नाही, कुलूपबंद माणसाला तो वास नुसता वास असतो. एकट्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. चौथ्या दिवशी चेलनेनं शिऱ्यात वेलदोडा वाढवायला सांगितला. हे हलकटपणाचं आहे हे तिला कळत होतं, आणि ते करताना तिला जे बरं वाटत होतं तसं भाऊ गेल्यापासून कधीच वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या पोलक्याच्या बाह्या सैल दिसायला लागल्या. चालताना त्यांनी दोनदा भिंतीचा आधार घेतला. व्यवस्थापकांनी विचारलं तर म्हणाल्या, पाणी बाधलं असेल. हृदय कुठल्या दिवशी दगा देतं याचा अंदाज चेलनेला होता. बासष्ट वर्षांचं शरीर, आणखी एखादा महिना, फार तर दोन. सोहळ्यानंतर बाई परत जातील तेव्हा त्यांच्या कुलपाची वेळ तशीच राहील, अशी सोयही तिनं करून ठेवली होती.

सहाव्या दिवशी, शनिवारी, अकरा वाजून गेल्यावर तिच्या खोलीचं दार वाजलं. डॉक्टर आत आल्या, दार लावून घेतलं आणि बसल्या. ओठ सुकलेले होते. चेलनेचा डबा टेबलावर उघडा होता, भाकरी आणि वांग्याचं भरीत. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग बघायचं नाही असं ठरवल्यासारखी मान वळवली.

"मगदूम," त्या म्हणाल्या. "सन्मती मगदूम. तुमचा कोण?"

चेलनेनं हातातला भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला.

"कुलूप मीच बनवलंय, बाई. वेळ बदलल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं. कोणी आणि का, ते शोधायला दोन दिवस लागले."

"मग बदलून का घेतली नाही?" चेलनेनं विचारलं. 

"बघायचं होतं. मी चौकशीत एक विधान केलं होतं. ते तपासायची संधी आयती मिळाली." डॉक्टरांनी मांडीवरची वही उघडली. पानंच्या पानं आकड्यांनी भरलेली होती. नाडी, रक्तातली साखर, वजन. "माझं विधान चूक होतं. हे सोसवत नाही. चुकीच्या वेळी उघडणारं कुलूप माणसाला मारू शकतं."

जवळजवळ पाच वर्षं चेलना हे शब्द ऐकायला तडफडत होती. आता ते समोर आले तर तिला काय करावं कळेना.

डॉक्टरांनी पान उलटलं. "म्हणून मी नवीन रचना केलीय. वेळ घड्याळावर नाही, सूर्यास्तावर. मावळतीच्या आधी एक तास कुलूप आपोआप उघडेल. तुमच्या लोकांना अडचण राहणार नाही. कोणाच्याच धर्माला राहणार नाही. नकार द्यायला कोणापाशी कारणच उरणार नाही." त्यांच्या थकलेल्या डोळ्यांत खरोखरीची चमक होती. "तुमची हरकत नसेल तर त्याला सन्मती नाव द्यायचं म्हणते."

चेलनेच्या अंगाची लाहीलाही झाली. भावाला उपाशी मारला, आणि आता त्याच्या नावानं उरलेल्यांच्या पोटाला टाळं लावणार. आणि हे शिकायला या बाईला तिनंच सहा दिवस दिले होते.

"तुम्हांला ठाऊक होतं की हे कुलपानं होतंय," ती म्हणाली. "सोमवारी घरी जाणार हे पण ठाऊक होतं. त्याला हे संपणार कधी ते ठाऊक नव्हतं. दोनदा अर्ज फिरला आणि त्याला वाटायला लागलं, खोट आपल्यातच आहे. तुमच्या पाया कुणी पडलं का मॅडम? त्याच्या पडत होते."

"कोण?"

"लोक." चेलनेनं डब्याकडे बघितलं. "मी पण. मी खीर केली होती."

डॉक्टरांनी वही मिटली. मग डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, "अर्ज मी नाकारला, ते माझं. पण ती खीर मी केली नव्हती, चेलनाबाई. हा सूड तुम्ही नक्की कोणाचा घेताय?"

खरं बोलणं सूड घेणाऱ्याला सगळ्यात जास्त झोंबतं. चेलनेनं नियंत्रक यंत्र पुढ्यात ओढलं. डॉक्टर म्हणाल्या, "आता साडेसहा करा. मला पुरे झालं." आणि विश्वासानं त्यांनी डोळे मिटले.

चेलनेनं साडेसहा केलं नाही. कुलूपदाराला शिक्षणाच्या वेळीच मिळणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, तांबड्या चौकटीत, एक आज्ञा होती. पूर्ण मुक्ती. ती दिली की कुलपातली झडप कायमची विरघळून जाते, माणसाला काही इजा होत नाही, आणि ते कुलूप पुन्हा कधीच लागत नाही. कामगारांना मात्र सांगितलेलं होतं, कुलूप काढलं की जिवाला धोका. ती आज्ञा तिनं दिली. लगेच फाटकावरच्या पडद्याची जुनी नोंद तोडली आणि खरी जोडली.

डॉक्टरांच्या हे ध्यानात यायला क्षणभर लागला. "काय केलंत?"

"उघडलं. आता तुम्हांला सकाळी भूक लागेल, दुपारी लागेल, रात्री लागेल. मरेपर्यंत. आणि सगळ्यांना दिसेल." तिनं आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला. "खा."

डॉक्टर उठू बघत होत्या, पडद्याकडे धावू बघत होत्या, पण पायांत त्राण नव्हतं. मग त्यांच्या हातानं, त्यांना न विचारता, भाकरीचा तुकडा मोडला. त्या खायला लागल्या, आणि खाताना रडत होत्या, आणि रडताना थांबत नव्हत्या. चेलना समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली. सूड गोड असतो म्हणतात. होता. भरिताइतका वेळ टिकला.

अडीचला दहा मिनिटांची सुट्टी झाली. बाहेर गलका ऐकून चेलना फाटकापाशी गेली. पाचपन्नास माणसं पडद्याकडे तोंड करून उभी होती. भर दुपारी तो पिवळाधमक होता, आणि खाली अक्षरं होती, कुलूप मुक्त, प्रकृती ठीक. कोणी हसत नव्हतं. धागा जोडणारी रेश्मा जमादार चेलनेला बघून पुढे आली. सहा महिन्यांपूर्वी चेलनेनंच तिचं कुलूप तपासलं होतं.

"अक्का, हे बाईंचं खोललंय? खरंच?"

"हो."

"आणि बाई जित्त्या हायत?"

"आहेत. आत बसल्यात. जेवल्या."

रेश्मानं गळ्याखाली हात नेला. तिथे बोट दाबत ती म्हणाली, "रविवारी माझी पोरगी दुपारचं ताट घेऊन बसती. म्हणती, आई तू पण जेव की माझ्यासंगं. मी नुसती बघत बसती. घास घिऊन बघिटला, जात न्हाई." मागची माणसं जवळ सरकली होती. त्यांत माणगावे होता, पाटलांचा सुदर्शन होता, दिवस बुडाल्यावर न जेवणाऱ्या आणखी तीन-चार घरांतली माणसं होती. पोटापुढे व्रत मोडून ताटावर बसणारी त्यांची तोंडं चेलनेनं तीन हिवाळे रोज बघितली होती, आणि रोज त्यांची वेळ साडेसहा लावली होती. वेळ बदलली असती तर तिची चौकशी झाली असती, नोकरी गेली असती, आणि डॉक्टर हाती लागल्या नसत्या. तिला एकच कुलूप हवं होतं. बाकीच्या आठशे बारांकडे तिनं क्रमांक म्हणूनच बघितलं होतं, जसं कोणीतरी एकदा एका अर्जाकडे बघितलं होतं.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. कोणी हललं नाही. रेश्मा रागावलेली नव्हती, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"अक्का," ती म्हणाली, "हे असं खोलता येतंय, हे तुमाला कधीपास्नं ठावं हुतं?"